भोंग्याचं तोंड

मिस्त्री : असं बघा काकू, रस्त्याकडे तोंड करून सायरन लावला, तर ऐकणार कोण? रस्ता?

काकू : का? रस्त्यावर माणसं नसतात?

मिस्त्री : असतात. काचा वर करून गाडीत असतात. जेवणवेळेपासून मी तुमच्या अंगणात आहे. एक गाडी थांबली, ती फोन घ्यायला. सायरन कुणाच्या तरी कानावर पडला पाहिजे. घरात बसलेल्या, उठून येऊ शकणाऱ्या माणसाच्या.

काकू : मग मागच्या अंगाला लावा.

मिस्त्री : मागे गोदामाची भिंत.

काकू : डाव्या हाताला?

मिस्त्री : मोकळा प्लॉट. कुत्री ऐकतील. राहिली उजवी बाजू. तिकडे खिडकी आहे, पडदा आहे, दोरीवर टॉवेल आहे. म्हणजे माणूस आहे. तुमची जुनी पेटीसुद्धा त्याच भिंतीवर आहे. तार तिथपर्यंत गेलेली आहे, नवीन ओढायला नको की भिंत फोडायला नको.

काकू : त्या पेटीला हात लावायचा नाही.

मिस्त्री : का?

काकू : पुरावा आहे तो.

मिस्त्री : कशाचा?

काकू : ते तुम्हाला काय करायचंय? तुम्ही सायरनवाले, फौजदार नव्हे. नवा भोंगा रस्त्याकडे लावा आणि मोकळे व्हा.

मिस्त्री : लावतो. तुमचं घर, तुमचा भोंगा. पण आधी हा फॉर्म भरू. अलार्म वाजला तर कुणाला कळवायचं, त्यांची दोन नावं. पहिलं कुणाचंही चालेल.

काकू : लेकीचं लिहा.

मिस्त्री : लिहिलं. कुठं असतात त्या?

काकू : गाडीनं सहा तास.

मिस्त्री : सहा तासांत चोर चहा करून, पिऊन, कप विसळून जाईल.

काकू : जाऊ दे बिचारा. दूध नाहीये घरात, एवढं सांगा त्याला.

मिस्त्री : म्हणून दुसरं नाव. हे मात्र हाकेच्या अंतरावरचं पाहिजे. आवाज ऐकून पाच मिनिटांत दारात उभं राहील असं.

काकू : औषधाच्या दुकानदाराचं घाला.

मिस्त्री : नाव काय त्यांचं?

काकू : त्याचं नाव मला माहीत नाही. त्यालाही माझं माहीत नाही. मी दिसले की आत ओरडतो, ‘गुडघ्याच्या गोळ्या आल्या बघ.’

मिस्त्री : दुसरं कुणी?

काकू : वर भाडेकरू होते, गेले. कोपऱ्यावर इस्त्रीवाला होता, त्यानं दुकान हलवलं. पलीकडच्या गल्लीत माझी मैत्रीण होती.

मिस्त्री : होती म्हणजे?

काकू : म्हणजे होती. आता सगळं फोडून सांगू का? पोस्टमनचं घाला. पंधरा दिवसांनी का होईना, येतो तरी.

मिस्त्री : काकू, नाव नसेल तर मला पुढं जाता येत नाही. कंपनीचा नियम आहे.

काकू : कंपनीचा नियम आणि माझ्या पोरीचा नियम, दोन्ही सारखेच. तीही तेच म्हणते. ‘आई, बाहेर भोंगा बसव आणि भोंगा ऐकून येणारं एक माणूस मला दाखव. मग राहा एकटी, मी चकार शब्द काढणार नाही. नाहीतर परवा मी टेम्पो घेऊन येते.’ टेम्पो! मी काय कपाट आहे?

मिस्त्री : लेकीकडे जायचं. वाईट काय त्यात?

काकू : वाईट काही नाही. जावई भला माणूस आहे, नातवंडं गोड आहेत. बाहेरच्या खोलीत सोफा उघडला की माझा पलंग होणार आणि सकाळी मिटला की मी उभी. चाळीस वर्षं या घरात काढली हो. कुठल्या फरशीवर पाय दिला की ती हलते, हे अंधारातसुद्धा सांगते. तिथं दिवा कुठं लावायचा तेही विचारावं लागेल.

मिस्त्री : एवढं अचानक काय झालं?

काकू : माझंच तोंड. मागच्या आठवड्यात मोरीत पाय घसरला. पडले नाही, बसले. पण उठताच येईना. अर्धा तास तशीच ओल्यात. म्हटलं, हाक मारावी. तोंड उघडलं आणि... कुणाचं नाव घ्यायचं तेच सुचेना. नुसतं तोंड उघडून बसले होते. शेवटी बादलीला धरून उठले. तेवढं पोरीला फोनवर बोलून गेले आणि झालं.

मिस्त्री : म्हणून हे गळ्यातलं बटण सांगितलंय त्यांनी. हे दाबलं की बाहेरचा सायरन वाजणार. चोर असो नाहीतर मोरी.

काकू : वाजणार. आणि मग?

मिस्त्री : मग कुणीतरी यायचं. तेच विचारतोय मी मघापासून. उजवीकडे कोण राहतं?

काकू : मास्तरीणबाई.

मिस्त्री : एकट्याच?

काकू : एकटीच. नवरा अर्धांगानं अंथरुणाला खिळला होता, तो पाच वर्षांपूर्वी गेला. लिहू नका हं तिचं नाव! नऊ वर्षं आम्ही बोलत नाही. तुम्हाला कशाला सांगतेय कोण जाणे, पण ऐका. हा जुना भोंगा तेव्हा नुकताच बसवला होता, तो मेला वेळी-अवेळी बोंबलायचा. घरातल्या त्या सेन्सरच्या डोळ्यावरून पाल गेली की सुरू. ही बाई आली सांगायला, आमचे हे दचकतात म्हणून. मी म्हटलं, आमच्या घराची राखण आम्ही करायची नाही का? जरा फटकळपणे म्हटलं असेन. झालं. पुढच्याच आठवड्यात भोंगा मुका! महिन्याभरात आम्ही परगावी गेलो असताना घर फुटलं. माझ्या आईच्या बांगड्या गेल्या. आतला भोंगा ओरडला, पण बंद दारात त्याचा आवाज तो किती. बाहेरच्यानं हूं का चूं केलं नाही. तार कापलेली! आणि हिच्या भिंतीला त्याच दिवसांत शिडी लावलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

मिस्त्री : तार कापलेली तुम्ही पाहिलीत?

काकू : आमच्या यांनी वर चढून पाहिली. म्हणाले, तार तुटलीय. तुटलीय म्हणजे काय? आपोआप तुटते? मी दुरुस्त करा म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, आतला आहे तेवढा पुरे. भिडस्त माणूस. दवाखान्यात कंपाउंडर होते, जन्मभर लोकांच्या जखमा बांधल्या, कुणाला लागेल असं बोलले नाहीत. मग बोलायचं काम माझ्याकडे.

मिस्त्री : काकू, एक सांगू? पेटी उघडून बघतो. पुरावा तर पुरावा. नऊ वर्षांत कुणी तपासलाय का?

काकू : ... बघा. पण काही पाडू नका.

मिस्त्री : शिडीचा पाय धरता का जरा? जमीन मऊ आहे.

काकू : धरलीय. चढा.

मिस्त्री : हं. झाकण घट्ट आहे. स्क्रू शाबूत. गांधीलमाशीचं जुनं घर आहे आत. थांबा, झटकतो.

काकू : माझ्या डोक्यावर झटका!

मिस्त्री : रिकामं आहे. आता, काकू, मी बोलतो ते नीट ऐका. इथं चार तारा येतात. दोन आवाजाच्या. दोन खबरीच्या, म्हणजे कुणी झाकण उघडलं की आतलं पॅनेल लगेच बोंब मारतं.

काकू : मग?

मिस्त्री : आवाजाच्या दोन कापल्यात. खबरीच्या जशाच्या तशा आहेत.

काकू : म्हणजे कापल्यातच ना! मी काय सांगत होते?

मिस्त्री : कापल्यात झाकणाच्या आत. झाकण उघडून. आणि झाकण उघडलं त्या दिवशी पॅनेल ओरडलं होतं का?

काकू : नाही. एकदाही नाही.

मिस्त्री : मग पॅनेल आधी बंद केलेलं होतं. आकडा दाबून. तुमचा आकडा शेजारच्या बाईंना माहीत होता?

काकू : छे! आम्हा दोघांनाच. पोरीलासुद्धा परवा सांगितला मी.

मिस्त्री : दोघांनाच.

काकू : असं काय बघताय वरून? मी नाही चढले!

मिस्त्री : मी काही म्हटलं नाही. आणखी एक आहे. तारांची टोकं गुंडाळलीत. पण आमची काळी टेप नाही ही. पांढरी आहे. कापडी.

काकू : पांढरी?

मिस्त्री : जखमेवर लावतात ती पट्टी. काम मात्र सुबक. दोन्ही टोकं वेगळी बांधलीत, एकमेकांना लागू नयेत म्हणून. आणि शेवटाला दुमडून बारीकसा कान ठेवलाय.

काकू : ... कान?

मिस्त्री : सोडताना नखानं उचलता यावा म्हणून असेल. काकू, शिडी सोडू नका! काकू!

काकू : धरलीय. धरलीय. खाली या तुम्ही. ती पट्टी घेऊन खाली या.

मिस्त्री : ही घ्या. चिकटपणा गेलाय तिचा.

काकू : पोरीच्या गुडघ्याला लावायचे तेव्हाही हा कान ठेवायचे. काढताना रडू नये म्हणून. मी हसायचे. म्हणायचे, पट्टीला कसले कान... यांनी कापली. यांनीच कापली हो! आणि मी नऊ वर्षं त्या बाईला... पण का? आणि मग शिडी तिकडे का होती?

मिस्त्री : ते तारेवरून कळत नाही.

काकू : हे असते तर विचारलं असतं. तीन वर्षं झाली जाऊन. आता फोटोला विचारू?

मिस्त्री : शेजारी विचारता येईल. नाहीतरी मला त्यांच्याकडे जायचंच आहे. सायरन वाजवायच्या आधी शेजाऱ्यांना सांगायचं, ही माझी पद्धत आहे. कंपनीची नाही, माझी. एकदा न सांगता वाजवला होता, तर पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंच्या हातून दुधाचं भांडं सुटलं. पाय भाजला त्यांचा. तेव्हापासून आधी हाक, मग भोंगा. ओ बाई! बाई! खिडकीत आहेत, पण बघत नाहीत.

काकू : बघायच्या नाहीत. माझ्या अंगणातून हाक गेली ना, वळायच्या नाहीत. मला माहीत आहे.

मिस्त्री : शिडीवर चढून हात करतो. हां, दिसलो. ‘थांबा’ म्हणाल्या हातानं. आत गेल्या.

काकू : गेल्या ना? बघा.

मिस्त्री : आल्या, आल्या. भिंतीपाशी येतायत.

शेजारीण : बोला. काय काम आहे?

मिस्त्री : बाई, इथं नवा सायरन बसवायचा आहे. जुन्याच जागी बसवला तर तोंड तुमच्या खिडकीकडे येतं. तुमची काही हरकत?

शेजारीण : आमच्या घरात दचकणारं माणूस आता उरलेलं नाही. खुशाल बसवा.

काकू : मिस्त्री, त्यांना म्हणावं...

शेजारीण : मला समोरून विचारलं तरी चालेल. दोन हातांची तर भिंत आहे, मध्ये दुभाषी कशाला?

काकू : ही पट्टी. पेटीत सापडली.

शेजारीण : सापडली का? बरं झालं.

काकू : तुम्हाला माहीत होतं?

शेजारीण : शिडी मीच धरली होती.

काकू : तुम्ही!

शेजारीण : माझीच शिडी. तुमची शिडी काढली असती तर तुम्हाला कळलं असतं. भाऊजी रोज संध्याकाळी आमच्या यांच्या पाठीच्या जखमा धुवायला यायचे, ते तर तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी जखम उघडी होती आणि भोंगा वाजला. यांना बोलता येत नव्हतं, ओरडताही येत नव्हतं. नुसतं अंग थडथड उडायला लागलं. भाऊजींनी दोन्ही हातांनी यांना दाबून धरलं. वाजायचा थांबला तेव्हा शांतपणे पट्टी पुरी केली, तुमच्याकडे गेले, आकडा दाबून परत आले आणि म्हणाले, ‘ताई, शिडी आहे का?’

काकू : मी कुठं होते?

शेजारीण : बाजारात असाल. दहा मिनिटांचं काम.

काकू : आणि मला सांगितलं नाही! मी काय वाघीण होते?

शेजारीण : ते म्हणाले, भोंगा तिनं हौसेनं बसवलाय, सवडीनं सांगतो. सवड मिळायच्या आत चोरी झाली.

काकू : आणि मी या इथं, याच भिंतीपाशी उभी राहून, चार माणसांदेखत तुम्हाला...

शेजारीण : ‘चोरांना सामील’ म्हणालात.

काकू : हे माझ्या शेजारी उभे होते तेव्हा.

शेजारीण : हो. खाली मान घालून.

काकू : एक शब्द बोलले नाहीत! तुम्ही तरी बोलायचं होतंत!

शेजारीण : मी भाऊजींकडे बघत होते. वाटलं, आता बोलतील. दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं आले. रडले हो, एवढा बाप्या. ‘ताई, तिच्या आईच्या बांगड्या गेल्या, आता कुठल्या तोंडानं सांगू? मला चार दिवस द्या.’ मी दिले.

काकू : चार दिवस.

शेजारीण : यायचे तेव्हा मी विचारायचे, सांगितलंत का? मग विचारणं सोडलं. मी विचारलं की त्यांचं लक्ष उडायचं. पट्टी नीट बसायची नाही.

काकू : यायचे तेव्हा म्हणजे? मी तर त्यांना बजावलं होतं, त्या घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून.

शेजारीण : रोज येत होते. आमचे हे गेले त्या दिवसापर्यंत. एक दिवस चुकवला नाही.

काकू : बागेत फिरायला जातो म्हणायचे. रोज संध्याकाळी, चार वर्षं. घरी आले की हाताला औषधाचा वास यायचा. मला वाटायचं, दवाखान्याचाच. मिस्त्री, तुम्ही जा हो जरा, तुमचं काम करा. असं उभं राहून ऐकू नका.

मिस्त्री : मी स्क्रू शोधतोय.

काकू : शोधा. मग माझे हे गेल्यावर का नाही सांगितलंत मला?

शेजारीण : मी आले होते त्या दिवशी तुमच्या दारात. तुम्ही दार लावून घेतलंत.

काकू : लावलं. तुमचा पाय उंबऱ्याच्या आत होता, तरी लावलं.

शेजारीण : मग कधी सांगायचं? आणि काय म्हणून? माणूस फोटोत गेल्यावर त्याच्यावर बोट ठेवायचं? तुम्ही मानलं असतं?

काकू : नसतं मानलं. अजून दोन शिव्या घातल्या असत्या. बाई, बाई, बाई... मी आता चिडू कुणावर? त्यांच्यावर चिडावं तर ते नाहीत. तुमच्यावर चिडायची सवय लागलीय, तर तुमची चूक नाही. नऊ वर्षं एवढा राग जपला मी, रोज पाणी घालून. दुसरं करायला तरी काय होतं घरात?

शेजारीण : मी भाऊजींना गप्प राहायचा शब्द दिला होता, वहिनी. जड गेलं. पण दिला होता.

मिस्त्री : काकू, स्क्रू सापडले. आता सांगा, तोंड कुणीकडे?

काकू : जुन्या जागी. तिकडेच.

शेजारीण : बसवा, बसवा. मी आत माझ्या खुर्चीत जाऊन बसते. तिथं कितपत ऐकू येतं ते बघू. माझा सगळा दिवस त्या खुर्चीतच जातो.

मिस्त्री : पंधरा मिनिटं द्या मला. काकू, शिडी. आणि तो लाल खोका वर द्या, जपून, बॅटरी आहे आत. घरातली तार कापली तरी हा आपल्या बॅटरीवर ओरडतो.

काकू : घ्या. मिस्त्री, तुम्हाला बायको आहे ना?

मिस्त्री : आहे की.

काकू : काही लपवून ठेवलं असेल, तर आज घरी जाऊन सांगून टाका.

मिस्त्री : मागच्या महिन्यात तिच्या आवडीची कुंडी फोडली मी. मांजरावर घातलं.

काकू : आजच सांगा.

मिस्त्री : सांगतो. झालं बघा. आवाजाच्या दोन, खबरीच्या दोन. झाकण लावलं. वरचा दिवाही लुकलुकेल वाजताना. आता ते गळ्यातलं बटण दाबून धरा. घाबरू नका, एक मिनिट वाजवू आणि मी बंद करीन.

काकू : दाबू?

मिस्त्री : दाबा.

(भोंगा वाजतो. एक पूर्ण मिनिट. मग थांबतो.)

काकू : अरे देवा! कानात अजून वाजतोय. कावळेसुद्धा उडाले सगळे.

मिस्त्री : चांगला आहे आवाज. गोदामाच्या पलीकडे जाईल.

काकू : बाहेर नाही आल्या त्या.

मिस्त्री : येतील.

काकू : एक मिनिट वाजला.

मिस्त्री : चपला घालत असतील.

काकू : नाही हो. नाही येत. आणि का यावं? नऊ वर्षं मी त्यांच्या नावानं खडे फोडले आणि एका दुपारीत ते सगळं फिटणार? बोलल्या गोड, त्यांचा स्वभावच तसा. पण उठून येणं वेगळं. गेल्या वर्षी मला ताप भरला होता. तीन दिवस. तेव्हा राग-बीग गिळून मी या खिडकीतून एक हाक मारली होती. एकच. त्या समोर पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळल्या नाहीत. मी खिडकी लावून घेतली. कुणाला सांगितलं नाही हे मी. फॉर्म द्या इकडे. त्या जागी रेघ मारते. येऊ दे टेम्पो.

मिस्त्री : थांबा काकू. शिडीवरून दिसतायत त्या. खुर्चीत बसल्यात, ताठ. मांडीवर हात ठेवून. इकडेच बघतायत. हात करतो... आल्या बघा.

शेजारीण : काय, झालं का बसवून? मी केव्हाची तयार आहे. वाजवा की आता!

काकू : वाजवा?

शेजारीण : मोठ्यानं वाजवा. म्हणजे नीट अंदाज येईल.

काकू : ताई, वाजला. मिनिटभर वाजला. कावळे उडाले.

शेजारीण : काय म्हणालात? थांबा, थांबा. राहिलं वाटतं टेबलावर. आले हं.

मिस्त्री : कानाला हात लावून आत गेल्या.

काकू : दिसलं मला.

शेजारीण : हं. आता बोला. कानातलं मशीन काढून ठेवलं होतं, लक्षातच आलं नाही. घरात शिरलं की हात आपोआप कानाकडे जातो. मघाशी या मिस्त्रींनी हात केला तेव्हाही आधी आत जाऊन घालून आले.

काकू : कधीपासून आहे हे?

शेजारीण : तीन वर्षं झाली असतील. वर्गातल्या पोरांनी कान किटवले, त्याचा हा हिशेब, असं डॉक्टर गमतीनं म्हणाले. मशीन चांगलं आहे तसं. पण घरात घालून काय ऐकायचं? फ्रिज घरघरतो तो? बाहेर जाताना घालते, भाजीवाल्याशी बोलायला.

काकू : म्हणजे गेल्या वर्षी...

शेजारीण : गेल्या वर्षी काय?

काकू : काही नाही. मला ताप होता. एक हाक मारली होती तुम्हाला.

शेजारीण : मला? मी कुठं होते?

काकू : खिडकीत. पाठमोऱ्या.

शेजारीण : मग मशीन नसणार कानात.

काकू : हो. नसणार. मला ते कसं कळणार!

शेजारीण : वहिनी, एकदाच का मारलीत? दोनदा मारायची होतीत. खडा मारायचात काचेवर.

काकू : एकीलाच केवढं बळ लागलं होतं, ताई.

मिस्त्री : असं बघा, मला सहाला दुसरीकडे पोचायचंय, म्हणून बोलतो. दिवा आहे. पेटी जरा फिरवली, तर तो बरोबर बाईंच्या खुर्चीसमोर लुकलुकेल. दिवसा-उजेडी कमी दिसेल, पण दिसेल. तरी मशीन घालून बसलात तर बरं. नाव लिहायचं तर ऐकू यायला पाहिजे.

शेजारीण : आता मशीन घालून दिवसभर बसायचं, ते भोंगा वाजतो का बघायला? वर्षात एकदा वाजेल, किंवा कधीच नाही. तेवढ्यासाठी कान टवकारून किती बसणार मी?

काकू : खरंय तुमचं. मिस्त्री, जाऊ द्या. कुणाला असं बांधून घालता येत नाही.

शेजारीण : मी नाही कुठं म्हणाले? माझं नाव लिहा तुम्ही. नंबरही लिहा. पण वहिनी, तुम्ही अधूनमधून हाक मारत जा. मग घालून बसण्यात काही अर्थ आहे.

काकू : काय म्हणून मारू?

शेजारीण : पूर्वी काय म्हणून मारायचात? दूध उतू गेलं म्हणून मारायचात. पाऊस आला, कपडे काढा म्हणून मारायचात. सगळ्या गल्लीला ऐकू जायची.

काकू : दूध आता एक पेला घेते. तेही आज नाहीये घरात.

शेजारीण : माझ्याकडे आहे. मिस्त्री, तुम्हीही घ्या चहा.

मिस्त्री : नको बाई, उशीर होईल. नाव लिहिलं. नंबर लिहिला. इथं नातं लिहायचंय. काकू, काय लिहू?

काकू : लोक काय लिहितात?

मिस्त्री : मुलगा. सून. वॉचमन.

काकू : शेजारीण लिहा सध्या. ताईंना चालत असेल तर.

शेजारीण : चालेल. नऊ वर्षं तेवढंही नव्हतं.

मिस्त्री : इथं सही करा. झालं. लेकीला सांगा, टेम्पो नको म्हणावं. येतो मी. काही बिघडलं तर फोन करा, आणि बिघडलं नाही तर करू नका.

काकू : या. आणि कुंडीचं सांगा बायकोला!

शेजारीण : मीही जाते आत. चहा टाकते. झाला की भिंतीवरून देते. का येताय इकडे?

काकू : आज भिंतीवरूनच द्या. तुमच्या घरात यायचं तर मला जरा तयारी करावी लागेल. हे जिथं बसून पट्टी करायचे, ती जागा बघायची आहे मला. पण आज नको.

शेजारीण : स्टूल तिथंच आहे. सवडीनं या.

काकू : सवडीनं म्हणू नका हो, ताई. उद्या येते. उद्या सकाळी.

शेजारीण : उद्या सकाळी. बरं. जाते मग.

काकू : जा.

...

काकू : ताई! ओ ताई!

शेजारीण : काय झालं?

काकू : काही नाही. बघत होते.

शेजारीण : मग एवढं ओरडू नका. घातलंय.